आखूड देठ

१

डिसेंबरातल्या एका सोमवारी सकाळी सातला तातेरावांचा फोन आला. "शालू, जल्दी शेडवर ये. तोंडाला काहीतरी बांधून ये." एवढंच बोलले आणि फोन ठेवला.

मी गावाची पशुसखी आहे. शेळ्यांना जंताचं औषध, कोंबड्यांना मानमोडीची लस, कोणाकडे किती जनावरं त्याची नोंद, आणि अडलंच तर भोकरदनच्या दवाखान्यात फोन. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं, लग्न झालं, माऊली झाला आणि हाती आलं ते हे काम. माऊली तेव्हा चौदा महिन्यांचा होता. आदल्याच आठवड्यात तापातून उठलेला. चार दिवस ताप हटत नव्हता. भोकरदनच्या डॉक्टरांचं औषध, ओल्या पट्ट्या, सासूबाईंचा उतारा, सगळं एकामागून एक झालं आणि बुधवारी सकाळी अंग गार लागलं. त्यामुळे त्या सोमवारी त्याला सासूबाईंकडे, म्हणजे आमच्या आत्याबाईंकडे, देऊन निघताना मी दारातून दोनदा मागे फिरले.

तातेरावांचं कोंबड्यांचं शेड गावाबाहेर आहे, पिंपळगाव रेणुकाईच्या रस्त्याला, शिवेच्या दगडाला लागून. वस्तीपासून लांब असावं असा नियमच आहे. शेडचं एक टोक रस्त्याकडे. तिथं दार आणि खाद्याची खोली. दुसरं टोक पाझर तलावाकडे.

मी आत गेले नाही, जाळीतूनच पाहिलं. दाराकडच्या टोकाला कोंबड्या एकीवर एक पडल्या होत्या. तुरे जांभळे, डोकी सुजलेली, पायांवर लाल चट्टे. तलावाकडच्या टोकाला मात्र पक्षी उभे होते, दाणे टिपत होते. मी वहीत दोन्ही लिहिलं. तेव्हा सवयीने लिहिलं, त्याचा उपयोग फार उशिरा झाला.

शेडवर राहणारा रामकिसन बाहेर दगडावर बसला होता. "काल चाळीस मेल्त्या," तो म्हणाला. "मालकाला म्हणलं थंडीनं मेल्या आसतील. आज तीनशे बारा."

"थंडीनं तुरा जांभळा होतो का रे?" तातेराव ओरडले.

"मला काय ठावं मालक. मला बी पहिल्यांदाच थंडी वाजून राह्यली."

मी पशुधन विकास अधिकारी डॉ. शीतल खरात यांना फोन लावला. फोटो पाहून त्या एकच वाक्य बोलल्या. "शालूताई, तिथून बाहेर पडा, अंघोळ करा, आणि तोपर्यंत बाळाला हात लावू नका."

२

बुधवारी भोपाळच्या प्रयोगशाळेतून नमुन्यांचं उत्तर आलं. बर्ड फ्लू, एच५एन१.

पुढचे दोन दिवस कोणाला सांगावेत असे नव्हते. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, खड्डे खणले, एक किलोमीटरच्या आतला पंखवाला प्रत्येक जीव गेला. शेडमधले उरलेले अडीच हजार, चिकनचं दुकान चालवणाऱ्या ओमप्रकाशच्या पिंजऱ्यातले, घराघरांतल्या गावरान कोंबड्या. आरोग्यवाल्यांनी दहा दिवस रोज सगळ्यांचा ताप पाहिला. माऊलीला मी त्यांच्या आधी एकदा आणि ते गेल्यावर एकदा थर्मामीटर लावायची.

माणसं सगळी सुखरूप राहिली. मग गावाने पुढचा प्रश्न काढला: हे आणलं कोणी?

उत्तर तातेरावांकडे तयार होतं. कडूबाई.

कडूबाई तलावाच्या काठी, गायरानात, पत्र्याच्या खोपटात राहते. वीसेक वर्षं झाली. नवरा गेल्यापासून एकटी. पंधरा मेंढरं, अकरा कोंबड्या आणि चार बदकं. बदकं दिवसभर तलावात. हिवाळ्यात त्याच पाण्यावर परदेशी बदकंही उतरतात. तिच्या अकराही कोंबड्या शेडच्या पाठोपाठ मेल्या. बदकं मात्र ठणठणीत होती. ती मारायला नेली तेव्हा त्यांचे नमुने घेतले होते आणि ते पॉझिटिव्ह आले.

"आता बोला," तातेराव ग्रामपंचायतीच्या ओट्यावर म्हणाले. "इषाणू अंगात, अन् बदकं मजेत पोहून राह्यली. म्हंजे कोण घेऊन फिरत व्हतं? मॅडम, खोटं आसंल तर सांगा."

डॉ. शीतल खोटं बोलणाऱ्यांतल्या नाहीत. "बदकं आजारी न पडता विषाणू बाळगू शकतात. खरं आहे ते."

"झालं! कंपनी म्हणते तलावाकाठचं ते खोपट अन् ती पाखरं ठिवली तर पुन्हा पिल्लं देणार न्हाई. माझं शेड कायमचं बंद. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घ्या. गायरानातलं अतिक्रमण काढा."

कडूबाई लांब लिंबाखाली उभी होती. तिला विचारलं तर म्हणाली, "माझी बदकं माझ्या आधी उठून पान्यात जायची. कुणाला भेटत व्हती, मला न्हाई सांगायची."

लोक हसले. पण ठरावाला हात वर करणार नाही असं कोणी म्हणालं नाही.

३

डॉ. शीतल यांना शासनाला कारण कळवायचं होतं. त्यासाठी फॉर्म होता आणि तो घरोघर जाऊन भरायचं काम माझ्याकडे आलं. त्यातला सातवा प्रश्न महत्त्वाचा: साथीच्या आधीच्या एकवीस दिवसांत बाहेरून आणलेला पक्षी.

एकशे चाळीस घरं झाली. एकशे चाळीस वेळा मी लिहिलं, निरंक. आमच्या घराच्या फॉर्मवरही तेच लिहिलं, माझ्याच हाताने.

"एकही नाही?" डॉ. शीतल आमच्या ओसरीवर फॉर्म चाळत म्हणाल्या. "लग्नं, पाहुणे, जत्रा, काहीच नाही?"

"मार्गशीर्षात कोण कोंबडी आणतं मॅडम? बाया गुरुवार धरतात."

आत्याबाई चहा घेऊन आल्या, कप ठेवला आणि काही न बोलता आत गेल्या. त्या कमीच बोलतात.

मग आम्ही एकेकाला धरलं. आधी ओमप्रकाश. त्याचा धंदाच कोंबड्यांचा, म्हणून गावाचं दुसरं बोट त्याच्याकडे होतं.

"बाहेरून माल आणत होतास?"

"मॅडम, शेड गावात आसताना मी बाहेर कशाला जाऊ? शनिवारी तातेराव काकाकडून चाळीस नग आणले. मंगळवारपासून पिंजऱ्यातच मरायला लागले. मी तर त्यांच्यावर केस करणार व्हतो. निस्तं त्यांच्या तोंडाकडं पाहून गप बसलो."

त्याचे पक्षी शेडनंतर मेले, आणि शेडमधूनच आलेले. ओमप्रकाश सुटला.

मग कंपनीचा माणूस. पिल्लं साथीच्या अठ्ठावीस दिवस आधी आलेली. त्याच खेपेतली पिल्लं आणखी चार गावांत गेली होती, खाद्याची तीच गाडी चारही ठिकाणी फिरली होती. चारही शेडं धडधाकट. पिल्लं सुटली, गाडी सुटली.

कडूबाईच्या कोंबड्या कधी मेल्या? सोमवारी दुपारी पहिली. शेडमधल्या रविवारी. म्हणजे तिच्याकडचं नंतरचं. पण बदकं? ती कधीपासून बाळगून होती हे कोण सांगणार?

शेवटी रामकिसन. त्याची बायको वंदना, आष्टीकडची, शेजारी उभी होती.

"शेडात कोणी बाहेरचं आलं?"

"न्हाई."

"कोणता पक्षी शिरला? चिमणी, कावळा, बगळा?"

"जाळी हाये मॅडम. चिमणी बी न्हाई."

"गावातली एखादी कोंबडी?"

"कुणाचीच न्हाई," तो म्हणाला. वंदनाने पदर तोंडाशी घेतला आणि ती खाद्याच्या खोलीत निघून गेली. मी ते पाहिलं. वहीत लिहिण्यासारखं काही वाटलं नाही.

जाताना डॉ. शीतल म्हणाल्या, "बदकांकडेच बोट जातंय शालूताई. मला तसंच लिहावं लागेल. सव्वीसच्या आत विषाणूच्या जनुकांची पूर्ण वाचणी आली तर ठीक."

४

वाचणी आली बावीस जानेवारीला. माऊलीला भात भरवत होते. फोन खांद्याने कानाशी धरला.

"कडूबाईच्या बदकांनी आणलेला नाही," डॉ. शीतल म्हणाल्या.

माझा घास हातातच राहिला. "कशावरून?"

"ऐका. या विषाणूच्या अंगावर दोन तऱ्हेचे खुंट असतात. एकाने तो पेशीला चिकटतो, दुसऱ्याने काम झाल्यावर सुटतो. एच आणि एन, नावात आहेत तेच. सुटायचा जो खुंट, त्याला देठ असतो. रानातल्या पाणपक्ष्यांच्या विषाणूत देठ लांब असतो. तोच विषाणू कोंबड्यांत शिरला, एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा राहायला लागला, की पुष्कळदा देठ आखूड होतो. मधला तुकडाच गळून जातो. आखूड देठवाले कोंबडीत जास्त जोमाने वाढतात, मग तेच उरतात."

"आपल्यातला?"

"वीस कड्यांनी आखूड. शेडमधला, ओमप्रकाशच्या पिंजऱ्यातला, आणि कडूबाईच्या बदकांतला. तिन्हीकडे तोच देठ, तीच वीस अमिनो आम्लं गायब."

मी कॉलेजातल्या बाकावर बसल्यासारखी ताठ झाले. तलावावरच्या परदेशी बदकांतून परवा-तेरवा उतरला असता तर देठ लांब असता. शेडात तो जेमतेम आठवडाभर होता. आठवड्यात एका शेडात एवढी घडण होत नाही. हा विषाणू आमच्या गावात येण्याच्या कितीतरी आधीपासून कोंबड्यांच्याच अंगात मुरलेला होता. बदकांनी कोंबड्यांना दिलाच नव्हता. कोंबड्यांकडून बदकांना गेला होता.

"मग कडूबाई सुटली!"

"नाही," डॉ. शीतल म्हणाल्या. "मी तातेरावांना आत्ताच हे सांगितलं. ते काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, बदकं न्हाई तर न्हाई, तिच्या कोंबड्या तर व्हत्याच. तिनंच कुठून तरी आणली आसंल एखादी. मी काय उत्तर देणार? विषाणू कोंबडीतून आला, एवढंच कागद सांगतो. कोणती कोंबडी ते सांगत नाही. आणि तुमचे एकशे चाळीस फॉर्म म्हणतात, गावात एकही कोंबडी आली नाही."

"मग?"

"त्यातला एक तरी फॉर्म चुकलाय, शालूताई. शोधा."

५

ग्रामसभेला चार दिवस होते. माऊलीला कडेवर घेऊन मी वही उघडली आणि पहिल्या दिवसाचं पान काढलं. पहिल्या मेल्या त्या दाराकडच्या टोकाला. तलावाकडच्या उभ्या होत्या. कडूबाईच्या कोंबड्यांनी किंवा बदकांनी आणलं असतं तर मरण तलावाच्या बाजूने सुरू झालं असतं. हे रस्त्याच्या बाजूने आलं, खाद्याच्या खोलीतून.

माऊलीला घरी ठेवून मी शेडवर गेले. रिकाम्या शेडात रामकिसन चुना मारत होता.

"रामकिसनभाऊ, बाहेरून आणलेली कोंबडी नव्हती, मान्य. कोणी न आणता आलेली होती का? आपल्या पायांनी?"

ब्रश थांबला. 

"तसलीला कोंबडी म्हणतेत का?" तो म्हणाला.

"कसलीला?"

"सोडलेलीला."

वंदना बाहेर आली. "सांगून टाका आता," ती म्हणाली. "माझ्यानं हे पोटात धरून राहवंना. बाई, मंगळवारी सांजच्याला कुणीतरी शिवेच्या दगडावर सोडून गेलं. कपाळाला कुकू, पायात काळा दोरा. ती इथं आली. पोत्यातून खाली दाणे सांडलेले, दिसले आसतील तिला. खाद्याच्या खोलीत पोत्यांमागं जाऊन बसली."

"हाकलली नाही?"

रामकिसन माझ्याकडे वळला. एखाद्या लहान मुलाला समजावावं तसं म्हणाला, "तिला हात कोण लावणार? काठीनं हुसकली तरी ती बला आपल्या मागं लागती. बसू दिली. बुधवारी दिसभर पोत्यांवर फिरली, तिथंच घाण केली. त्याच पोत्यांतलं खाद्य म्या कोंबड्यांना घालत व्हतो. गुरुवारी पाह्यलं तर मरून पडल्ती. बांबूनं लोटत लोटत नाल्यात नेऊन टाकली."

नाला तलावाकडे जातो, कडूबाईच्या खोपटावरून. तिच्या कोंबड्यांनी ती उकरली असणार. म्हणून शेडच्या मागून तिच्या मेल्या, आणि त्यांच्यामागून बदकांना लागला. सगळं एका रेषेत आलं: कुठल्याशा बाजारातल्या पिंजऱ्यात ठिकठिकाणच्या कोंबड्यांत महिनोनमहिने फिरलेला विषाणू, एका कोंबडीच्या अंगातून शिवेपर्यंत, तिथून पोती, पोत्यांतून शेड.

शेड वस्तीबाहेर असावं हा सरकारचा नियम. उतारा वस्तीबाहेर सोडावा हा आमचा. दोन्ही पाळले, आणि दोन्ही एकाच दगडापाशी येऊन भेटले.

"मॅडमनी एवढं विचारलं, तेव्हा का नाही बोललात?"

"इचारलं, कुणाची कोंबडी आल्ती का. ती कुणाचीच नसती बाई. सोडली की कुणाचीच न्हाई."

"पण सोडली कोणी?"

त्याने ब्रश चुन्यात बुडवला. वंदनाने मान खाली घातली. दोघांपैकी एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्यामुळेच मला कळलं.

मंगळवार. माऊलीच्या तापाचा चौथा दिवस. दिवे लागायच्या वेळी आत्याबाईंनी त्याला माझ्या मांडीवर आडवं घ्यायला लावलं होतं. टोपलीत पंख फडफडले होते. डोक्यापासून पायापर्यंत सात वेळा. मी डोळे मिटून होते, पण झोपलेली नव्हते. त्या दुपारीच आठवडी बाजारातून आणलेली तांबडी कोंबडी. मला सगळं माहीत होतं. आणि तीन आठवड्यांनी, प्राणिशास्त्राची पदवी घेतलेल्या मी, सातव्या प्रश्नापुढे स्वच्छ मनाने निरंक लिहिलं होतं. खोटं बोलते आहे असं क्षणभरही वाटलं नव्हतं. आणलेल्या पक्ष्यांत ती माझ्याही डोक्यात नव्हतीच.

६

तलावाकाठी कडूबाई मेंढीच्या पायातला काटा काढत होती. मी समोर बसले.

"मावशी, मंगळवारी संध्याकाळी दगडापाशी कोणाला पाहिलंत?"

"कोन्या मंगळवारी?"

"तुम्हाला माहीत आहे."

तिने काटा काढला, दाखवला, फेकला. "झुंबरबाईला, तुझ्या सासूला, जाताना बी पाह्यलं अन् येताना बी. मागं वळून न पाहता गेली. बराबर गेली."

"मग एक महिना गप्प का? तुमचं घर जातंय. एवढंच सांगितलं असतं तर—"

"लेकराचा ताप उतरला ना?"

"तो औषधाने उतरला, मावशी."

"आसंल. तू शिकलेली. पर सोडलेल्याचं चारचौघांत नाव घेतलं की जे गेलं ते वापस येतं, आसं म्हणतेत. खरं-खोटं मी कशाला करून पाहू? ते बी तुझ्या लेकरावर?" ती उठली. "माझं काय, मेंढरं घेऊन कुठंबी पडीन. तू घरी जा."

मी घरी आले. आत्याबाई माऊलीला पायांवर घेऊन तेल लावत होत्या. मी सांगितलं: ग्रामसभेत बोलावं लागेल.

त्यांचे हात थांबले नाहीत. "काय बोलशीन?"

"कोंबडी आपली होती."

"अन् ताप आला म्हंजे?"

"ताप कोंबडीबरोबर गेला नव्हता, आत्याबाई. तिसऱ्या दिवशी औषध बदललं, पाचव्या दिवशी उतरला."

"मंग तुझी खात्री हाये. ठेव त्याच्या डोक्यावर हात अन् म्हण, बिलकुल येणार न्हाई."

मी हात ठेवला नाही. मला विषाणूचा देठ कळतो, वीस कड्या कळतात, त्या कशा गळतात तेही कळतं. पण ते तीन शब्द तोंडातून निघेनात. सोमेश्वर, माझा नवरा, जालन्याहून आला तेव्हा त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "तुला योग्य वाटंल ते कर," आणि घरी होता ते दोन्ही दिवस माऊलीला उचलून उचलून घेत राहिला.

सव्वीसला झेंडावंदन झालं, मुलांना जिलेबी वाटली, आणि शाळेच्या पटांगणातच ग्रामसभा बसली. आत्याबाई बायकांत, माऊली माझ्या मांडीवर. कडूबाई कडेला, एकटी. आजूबाजूला हातभर जागा सोडून बाया बसलेल्या. डॉ. शीतल यांनी देठाचं सांगितलं. तातेरावांनी शांतपणे ऐकलं.

"मॅडम म्हणतेत कोंबडीतून आलं," ते उठून म्हणाले. "मी बी तेच म्हणतो. गावात एकशे चाळीस घरं. कुणी कोंबडी आणली न्हाई, कागदावर सह्या हायेत. राह्यलं कोण? जी गावात न्हाई, गायरानात राहती, जिच्या कोंबड्या मेल्या. ग्रामसेवक, ठराव वाचा."

मी उभी राहिले. माऊली कडेवर होता आणि माझ्या मंगळसूत्राशी खेळत होता. तोंड उघडायच्या आत कडेने आवाज आला.

"शालू, गप बस!" कडूबाई ओरडली. "लेकरू हाये तुझं. बस खाली!"

सगळं पटांगण वळलं. ठराव जिच्यावर होता, तीच मला अडवत होती. तातेरावांनाही ते कळेना.

मग बायकांतून आत्याबाई उठल्या. मला वाटलं आता त्या मला ओढून खाली बसवतील. त्या आल्या, माझ्या कडेवरून माऊलीला घेतलं, त्याचं डोकं पदराखाली झाकलं.

"बोलायचंच हाये तर बोल," त्या हळू म्हणाल्या. "पर त्याच्या कानावर नको. मी त्याला घेऊन जाते. आम्ही लांब गेल्याबिगर तोंड उघडू नको."

त्या फाटकातून बाहेर पडल्या. मी उभीच. ग्रामसेवकाने दोनदा विचारलं, "ताई, बोलताय ना?" मी रस्त्याकडे पाहत होते. त्या पिठाच्या गिरणीपुढून गेल्या, बसथांब्यापुढून गेल्या, मागे वळून न पाहता. आमच्या बोळात वळल्या. मग मी बोलले.

"ती कोंबडी आमची होती. मंगळवारी माझ्या मुलावरून ओवाळून शिवेवर सोडली. तिथून ती शेडात गेली. फॉर्मवर निरंक मीच लिहिलं. ते चूक आहे."

मग रामकिसन उठला. ज्यांच्या लेकराची गोष्ट, त्यांनीच नाव घेतलं होतं. आता त्याला भ्यायचं कारण उरलं नव्हतं. पोती, घाण, बांबू, नाला, सगळं त्याने सांगितलं. वंदनाने दोऱ्याचं सांगितलं. आणि मग जे व्हायचं असं मला वाटलं नव्हतं ते झालं. मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "आमची बी एक व्हती, दिवाळीच्या आधी." दुसरी म्हणाली, "आमची अमावस्येला." डॉ. शीतल यांनी बॅगेतून कोरा कागद काढला.

तातेराव माझ्याकडे वळले. "पशुसखी तू," ते म्हणाले. "माझ्या तीन हजार पक्ष्यांचं काय?"

"चूक माझी आहे, काका. ती कडूमावशीवर लिहू नका."

"हिचं काम काढून घ्या," कोणीतरी म्हणालं. ते काढून घेतलंही, पुढच्या महिन्यात. ठराव मात्र वाचला गेला नाही. ग्रामसेवकाने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी माऊलीला किती वेळा हात लावून पाहिलं ते सांगत नाही. आत्याबाईंनीही तेच केलं. मी स्वयंपाकघरात असले की करायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी कडूबाई दारात उभी राहिली. आमच्या अंगणात ती कधी आली नव्हती. आत्याबाईंनी पोतं अंथरलं. कडूबाई बसली नाही.

"लेकरू कुठाय?"

माऊली ओसरीत दूधभाकरी खात होता. निम्मी तोंडाला, निम्मी जमिनीवर. कडूबाई त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि निरखून पाहत राहिली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मूठभर भाकरी उचलली आणि तिच्या कपाळावर फेकून मारली.

तिने ती पदराने पुसली.

"खातंय की," ती आत्याबाईंना म्हणाली, आणि मेंढरांकडे निघून गेली.